कुडातलं गुंतवळ

१

"भिकीच्या सुनेचे केस गळतात ते गळतात, पण गळलेला केस त्या घरात कुणालाच..."

बुधीबाई एवढं बोलली आणि मी हंडा घेऊन बोरिंगवर पोचले. वाक्य तिथंच लटकलं. रखमीनं घाईघाईनं दांडा मारायला घेतला, जसं काही पाण्यालाच उशीर होत होता.

"कुणालाच काय?" मी विचारलं.

"काय नाय. तुमच्या आंब्याला कैऱ्या धरल्या का गं जयश्री?"

आता हे मला करायचं? पाड्यातली निम्मी खबर माझ्याच ओट्यावरून निघते. कोणाच्या पोराला तलासरीची मुलगी बघायला गेले, कोणाच्या घरी गॅसचा बाटला आला, सगळं मला आधी कळतं. आमचे हे तर म्हणतात, "तुला सातवीनंतर शाळेतून काढलं ते चुकलं, पोलिसात घातली असती तर आरोपी आपणहून आले असते." आणि माझ्याच भिंतीला भिंत लागून असलेल्या घराची गोष्ट माझ्यासमोर गिळतात.

मी हंडा भरला. डोक्यावर घेताना रखमी हळूच म्हणाली, "तू तरी बघ गं. तुझ्या शेजारचंच हाय."

ती असं म्हणाली नसती तर बरं झालं असतं.

२

कोसबाडच्या टेकडीखाली आमचा पाडा. आजूबाजूला चिकूच्या वाड्या. माझ्या घराच्या तीन भिंती विटांच्या झाल्या, चौथी अजून कुडाची आहे, कारवीच्या काठ्या आणि वर शेणमातीचा लेप. ती पाडायची नाही, कारण तीच भिकीबायची पण भिंत आहे. सासऱ्यांनी जागा दिली तेव्हा भिकीबायच्या नवऱ्यानं आमच्या कुडाला टेकून घर उभं केलं. एकच कूड, अलीकडं मी, पलीकडं ती. तिनं फोडणी दिली की मला ठसका लागतो.

भिकीबायचा मुलगा सुरज उंबरगावला कंपनीत जातो. त्याची बायको हर्षदा, तलासरीकडची. वय बावीस, हसली की घर भरतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिचे हातपाय असे दुखायला लागले, की कुडापलीकडून मला तिनं दात आवळल्याचं कळायचं. रक्त तपासलं. सिकलसेल निघाला.

दिवाळीनंतर तिला कॅप्सूल सुरू झाली. उपकेंद्रातल्या चंद्रिका सिस्टर स्वतः घरी येऊन समजावून गेल्या. मी होतेच तिथं. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मी चहा घेऊन गेले होते.

"हे बघ हर्षदा," सिस्टर म्हणाल्या, "या गोळीनं दुखणं कमी येईल. पण केस थोडे पातळ होतील. नखांवर काळ्या रेघा येतील. अंग जरा सावळं पडेल. त्याला घाबरायचं नाय. दर महिन्याला रक्त तपासायला यायचं आणि आपल्या मनानं गोळी सोडायची नाय."

"केस सगळे जातील?" हर्षदानं विचारलं. तिचा हात आपोआप वेणीवर गेला.

"सगळे नाय गं. थोडे."

भिकीबाय कोपऱ्यात बसली होती. केसाचं नाव निघालं तशी तिनं मान खाली घातली. ते तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. माझ्या लक्षात येतं सगळं, फक्त त्याचा अर्थ उशिरा कळतो.

३

आमच्याकडं काळ्या नखांचं कोणाला काही वाटत नाही. चिकू तोडायला, धुवायला, निवडायला जाणाऱ्या प्रत्येक बाईची नखं काळी असतात. चीक बसतो. खोबरेल लावून चोळलं की जातो, दुसऱ्या दिवशी परत बसतो. त्यामुळं हर्षदाची नखं पहिले दोन महिने कोणाच्या डोळ्यावर आली नाहीत.

बोरिंगवरचं ते अर्धं बोलणं ऐकलं त्याच दुपारी मी तिला ओट्यावर बसवलं, खोबरेल घेतलं, तिची बोटं चोळली. माझी नखं साफ झाली. तिची नाहीत. प्रत्येक नखावर मुळापासून टोकापर्यंत काळी उभी रेघ, पेन्सिलीनं मारल्यासारखी. सिस्टरनं सांगितलं होतं तसंच. त्यात नवल काही नव्हतं.

"केस किती जातात गं?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"जातात काकू. वेणी बघा ना, अर्धी झाली. पण..."

"पण काय?"

"पण मला दिसत नाहीत. फणीत येत नाहीत. उशीवर नसतात."

मी हसले. म्हटलं, अगं केस काय उडून जातात? आणि दुसऱ्या दिवशी भिकीबाय वाडीवर गेल्यावर मी मुद्दाम साखर मागायला गेले. हर्षदा मोरीत भांडी घासत होती. मी उशी उलटी केली. झाडू उचलून बघितला. बाईमाणसाच्या घरात झाडूला केस गुंडाळलेला नाही असं होतच नाही, माझ्या झाडूत तर उंदराचं घर होईल एवढा असतो. मोरीच्या भोकापाशी बघितलं. फणी उजेडात धरली.

एक केस नव्हता. फणी अशी स्वच्छ, जशी दुकानातून आत्ताच आणलेली.

आमच्याकडं विंचरल्यावर निघालेलं गुंतवळ कोणी फेकत नाही. बोटाला गुंडाळायचं, त्यावर थू करायचं आणि कुडाच्या फटीत खोचायचं. दोन-तीन महिन्यांनी केसवाली येते, "केसावर फुगेऽ, केसावर टिकल्याऽ" करत, तिला द्यायचं. इकडं तिकडं टाकलं की कोणाच्या पायात येतं, कोणाच्या हातात जातं, आणि मग लोक काय काय बोलतात. म्हणून मी कुडाच्या फटीही बघितल्या. जिथं हात पोचला तिथं सगळ्या.

रिकाम्या.

"काकू, साखर मिळाली?" हर्षदा मोरीतून म्हणाली.

मी साखर न घेताच घरी आले.

४

मग तो आवाज.

दुपारचे दोन. पाडा वाडीवर गेलेला, कुत्री सावलीला. हर्षदा रक्त तपासायला उपकेंद्रात, मीच तिला हायवेपर्यंत सोडून आले होते. भिकीबाय कामावर. पलीकडच्या घराला बाहेरून कडी. मी कुडाला पाठ लावून लसूण सोलत बसले होते.

कर्र. थांबून परत, कर्र.

उंदीर, मी म्हटलं. कारवीत भुंगा लागतो तोही असाच वाजतो. पण भुंगा एका जागी वाजतो. हा आवाज वरून निघायचा, खाली यायचा, खाली येऊन जरा अडकायचा, आणि परत वरून. मी पन्नास वर्षं केस विंचरतेय. गाठ लागली की फणी कशी अडकते आणि मग बाई ती कशी हळूहळू सोडवते, ते मला कोणी शिकवायला नको.

मी लसूण ठेवला, बाहेर गेले. पलीकडची कडी बघितली. लावलेलीच. कुलूप नव्हतं, नुसती कडी. उघडावी असं मनात आलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या दारात उभी राहून मी ते उघडलं नाही.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे रिक्षा धूत होते.

"कूड बोलायला लागला?" हे म्हणाले. "चांगलं झालं. आता तुला जोडीदार मिळाला."

"मस्करी नको. फणीचा आवाज होता."

"जयू, उन्हात बसलीस का दिवसभर? उंदीर असतील. पिंजरा लावू."

पिंजरा लावला. सुक्या बोंबलाचा तुकडा अडकवला. तीन दिवस तो तुकडा तसाच राहिला. तीन दिवस दुपारी आवाजही आला.

५

इथं मी चूक केली. लिहायला लाज वाटते पण लिहिते.

रखमीनं विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं. आवाजाचं नाही, तेवढी अक्कल होती. पण केसांचं सांगितलं. "खरंच गं, एक केस सापडत नाय. फणीत पण नाय." मी काही वाईट म्हणाले नाही. पण माझ्या तोंडून गेलं म्हणजे ते पक्कं झालं. आठ दिवसांत बोरिंगवर वाक्य पुरं झालं होतं. केस कोणीतरी नेतं. घरातलंच कोणीतरी. भिकीच नेते, सुनेचा जीव केसाकेसानं ओढते. पोर वाळली, नखं काळी पडली, आणखी काय पुरावा पाहिजे? भिकीबाय आली की बाया हंडा उचलून बाजूला व्हायला लागल्या.

हर्षदानं गोळ्या बंद केल्या. मला कळलं नाही. मला, जिला सगळं कळतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी कुडापलीकडून ओरडणं आलं. मी धावले. हर्षदा जमिनीवर मुडपून पडली होती. "काकू, हाडं आतून कोणीतरी पिळतंय," एवढंच म्हणत होती. ह्यांनी रिक्षा काढली, डहाणूला नेलं. पाच दिवस सलाईन, रक्ताची पिशवी. चंद्रिका सिस्टर भेटायला आल्या, मला व्हरांड्यात बाजूला घेतलं.

"जयश्रीताई, हिनं गोळी सोडली. का सोडली?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"दुखण्याचे आधीचे दोन झटके आठवतात ना? या खेपेला छातीपर्यंत गेलं होतं. परत असं झालं तर मी काही सांगू शकत नाय. तुमचं ऐकते ती. तुम्ही तिला गोळी घ्यायला लावा."

घरी आल्यावर मी तिच्यापाशी बसले. तिनं डोळे उघडले, माझा हात धरला. काळ्या रेघांची ती नखं माझ्या मनगटावर.

"काकू, गोळीनं केस जातात ते मला समजतं. पण ते जातात कुठं? तुम्ही शोधा. माणूस नेत असेल तर मी उद्यापासून गोळी घेते. पण माणूस नसेल..." तिनं कुडाकडं बघितलं. "तुम्ही पण ऐकता ना दुपारी?"

६

भिकीबायला मी वाडीच्या वाटेवर गाठलं. इकडचं तिकडचं काही केलं नाही.

"भिकीबाय, केस तू नेतेस?"

ती थांबली. डोक्यावरची पाटी तिनं खाली ठेवली. मला वाटलं शिव्या घालेल. तिला तो हक्क होता.

"मीच उचलते," ती म्हणाली. "कोंबडा आरवायच्या आधी उठते. उशीवरचे, अंगणातले, फणीतले, मोरीतले. एक एक. पोरीनं बघितले तर घाबरून गोळी टाकेल म्हणून. माझी एक अशीच गेली ना जयू."

तिची एक. शीतल.

नऊ वर्षं झाली. सतरा वर्षांची होती. तिलाही असंच दुखायचं, तेव्हा पाड्यात कोणाला सिकलसेल शब्द माहीत नव्हता. आणि ती आजारी पडली तेव्हा याच ओट्यावर बसून कोण म्हणालं होतं, बाहेरचं असेल, आधी भगताकडं दाखवा? मीच म्हणाले होते. डॉक्टरकडं जायला बारा दिवस उशीर झाला.

शीतलला वेण्या घालायचा नाद होता. दुपारी माझ्या मागं येऊन बसायची, "काकू, हलू नका, तीन पेडाची घालते." पाड्यातल्या सगळ्या पोरींच्या वेण्या तिच्या हातच्या. रिबीन लावायची नाही. शेवटाला चार केस काढून त्यांनीच गाठ मारायची, अशी की संध्याकाळपर्यंत सुटायची नाही. ती गाठ दुसऱ्या कोणाला जमली नाही. मी किती वेळा करून बघितली.

"ठेवतेस कुठं?" मी विचारलं.

भिकीबाय मला घरी घेऊन गेली. हर्षदा माझ्या घरी झोपली होती. भिकीबायनं कुडावरचं कॅलेंडर बाजूला केलं. मागं ताटलीएवढं भोक. लेप पडून कारवी उघडी झालेली, आत अंधार. त्या दिवशी मी सगळ्या फटी बघितल्या होत्या, कॅलेंडर काही उचललं नव्हतं.

"शीतलचं गुंतवळ यातच आहे. ती गेल्यावर केसवालीला द्यायचं मन झालं नाय. मग हिचे पण यातच टाकत गेले. घरातल्या पोरींचं घरात."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. एवढंच होतं तर! मी हसले पण. "अगं बाय, मग सांगायचं ना! पाडा तुला काय काय म्हणतोय."

"म्हणू दे."

"काढ ते. हर्षदाला दाखवू. तिची समजूत पटेल."

भिकीबायनं मान हलवली. भोकाकडं न बघता म्हणाली, "तूच काढ."

मी हात घातला. कोपरापर्यंत गेला. आत गार होतं, बाहेर एवढं ऊन असताना. मला वाटलं होतं हाताला गुंतवळाचे मऊ गोळे, धूळ, जाळं लागेल. हाताला लागली ती दोरी. मी ती थोडी बाहेर ओढली.

वेणी होती. तीन पेडाची, घट्ट, तेल लावलेली. खोबरेलाचा वास ताजा. जुने केस कुठं संपतात आणि हर्षदाचे कुठं सुरू होतात ते कळत नव्हतं, इतके एकात एक घातलेले. हातभर बाहेर आली तरी संपेना. शेवट आला तो माझ्या तळहातावर पडला. रिबीन नव्हती. चार केसांची गाठ होती.

मी भिकीबायच्या हातांकडं बघितलं. संधिवातानं तिची बोटं वर्षानुवर्षं वाकडी. ब्लाउजचं हूक तिला सून लावून देते.

"मी नुसतं गुंतवळ टाकते जयू," ती म्हणाली. "गोळा करून, थू करून, टाकते. वेणी मी घालत नाय."

मी वेणी होती तशी आत सरकवली. तिनं कॅलेंडर परत लावलं. चिकू निवडायला जायचं होतं, आम्ही गेलो.

७

दुसऱ्या दिवशी बोरिंगवर मी मुद्दाम सगळ्या असताना गेले.

"केस भिकीच उचलते," मी मोठ्यानं सांगितलं. "सुनेनं बघून घाबरू नये म्हणून. माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि काय बोलायचं ते मला बोला, मीच पसरवलं होतं."

रखमीनं खाली बघितलं. बुधीबाई एवढ्यावर सोडणारी नव्हे. "म्हणजे नेत होती हे खरंच ना? बराबर बोलले मी. बाकी काय नाय?"

"बाकी काय नाय."

पन्नास वर्षांत मला माहीत असलेली गोष्ट मी पहिल्यांदा पोटात ठेवली. ती तिथं नीट बसत नाही. जेवताना हलते.

हर्षदालाही तेच सांगितलं. ती खूप रडली, मग सासूच्या गळ्यात पडली. भिकीबाय तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत राहिली. गोळी परत सुरू झाली. चंद्रिका सिस्टर महिन्यानं येऊन म्हणाल्या, रक्त चांगलं आहे. नखं काळी आहेतच, ती राहतील. वेणी पातळ आहे. पण ती वाडीवर यायला लागली, परवा तर चिकूची पाटी एकटीनं उचलली.

आता ती दुपारी माझ्याकडंच बसते. काल पण आली. भिकीबाय कामावर, पलीकडं कडी. हर्षदा उंबऱ्यात मेथी निवडत होती, माझ्याकडं पाठ करून. मी कुडापाशी.

माझ्या बाजूच्या लेपाला एक चीर गेली आहे, बोटभर. महिन्यापूर्वी नव्हती. तिच्यातून एक लांब केस बाहेर आला होता, वाऱ्यानं हलावा तसा हलत होता. वारा नव्हता. मला वाटलं, माझाच असेल, मीच कधीतरी खोचला असेल. नाही वाटलं तसं, पण म्हटलं मनाला. मी तो चिमटीत धरला आणि ओढला.

वीतभर आला. मग थांबला.

मग कोणीतरी तो पलीकडून ओढून घेतला. झटका देऊन नाही. हळू, दुखू नये अशा बेतानं, जशी शीतल माझ्या मागं बसून कपाळावर आलेली बट मागं घ्यायची.

माझ्या चिमटीत काही उरलं नाही. कुडात कर्र झालं.

हर्षदाचे हात मेथीत थांबले. तिनं वळून बघितलं नाही. "काकू," ती म्हणाली, "कसला आवाज?"

"उंदीर गं," मी म्हटलं. "दुपारची गोळी घेतलीस का?"

तिनं मेथी बाजूला सारली. मग तिनं उठून माठातलं पाणी घेतलं, पदराची गाठ सोडून कॅप्सूल काढली आणि माझ्याकडं बघत बघत गिळली.

"घेतली," ती म्हणाली.

मी मान हलवली. कुडात फणी वरून निघाली, खाली आली, गाठीपाशी अडकली, आणि कोणीतरी ती सावकाश सोडवू लागलं.